गॅरेटसाहेबाची खुर्ची

अल खोबर,
७ जानेवारी १९९१

जनाब हुसेनमियाँ मामूंच्या खिदमतीत भाचा कादिर याचा दूरदेशाहून अदबीचा सलाम पोचावा.

तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? मामीचा खोकला गेला का? आणि पत्र्याच्या नळकांड्यातल्या आपल्या वंशावळीला, शजऱ्याला, वाळवी तर लागली नाही ना? (मागच्या पत्रात तुम्ही मामीच्या खोकल्याबद्दल एक ओळ आणि शजऱ्याबद्दल दीड पान लिहिलं होतंत, म्हणून विचारतो.) तेरा पिढ्यांपूर्वी एक गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा अरब व्यापारी गलबतातून बाणकोटच्या धक्क्यावर उतरला आणि आपलं घराणं सुरू झालं, हे तुमच्या तोंडून ऐकत मी लहानाचा मोठा झालो. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका खऱ्या अरबाला मी मोठ्या अभिमानाने ते सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बादली कुठे ठेवली आहे ते विचारलं. त्याला मी झाडूवाला वाटलो होतो. असो.

तुम्ही लिहिता की, लढाईच्या भीतीने माणसं विमानं भरभरून पळून येताहेत आणि तू मात्र तिथेच, इतका शूर कधीपासून झालास? हलिमा म्हसळ्याला माहेरी आहे, तिला नववा महिना लागला आहे, आणि डिसेंबरात येतो असं मी तिला कबूल केलं होतं. मामू, मी तिळभरही शूर झालेलो नाही. पंधरा तारखेला सद्दामची मुदत संपते, त्याआधी निघता यावं म्हणून रोज दारं ठोठावतो आहे. पण मला सोडायचं तर आधी मी कादिर असायला हवा, आणि शाळेच्या दप्तरी मी ऑक्टोबरपासून कादिर नाही. हे कसं झालं ते नीट सांगायला हवं. चष्मा लावून वाचा.

आमची शाळा खाजगी आहे, मुलांची आहे, आणि मालक सौदी असला तरी कारभार सगळा आपल्या लोकांचा. प्रिन्सिपॉल सुफियानसाहेब लखनौचे. अत्यंत गोड बोलणारे गृहस्थ, कोणाला काढून टाकायचं असलं तरी आधी सरबत पाजतात. शाळेच्या जाहिरातीत पहिल्या ओळीत छापलं होतं की, दहावीला इंग्रजी शिकवायला खुद्द विलायतेहून साहेब येणार. गॅरेट त्याचं नाव. जूनमध्ये नेमणूक झाली ती पत्रांवरच. त्याला कोणी पाहिलं नव्हतं, त्याचा फोटोही कोणी मागितला नव्हता. इंग्रज कसा दिसतो हे काय माहीत नाही, हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं सुफियानसाहेब म्हणाले.

मग ऑगस्टमध्ये कुवेत पडलं. सुटीवर गेलेले गोरे परतलेच नाहीत आणि गॅरेटही आला नाही. पण त्याची खुर्ची आली. स्टाफरूममध्ये आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या भिंतीला लावून, आणि मधोमध एसीच्या बरोबर समोर ही काळ्या चामड्याची, फिरती. तिच्यासमोर बशीसकट कप. (आम्हाला काचेचे ग्लास, बशी नाही.) रोज दहा वाजता फर्राश, म्हणजे आमचा शिपाई, सगळ्यांना चहा द्यायचा आणि शेवटी त्या कपातही ओतायचा, कारण सुफियानसाहेबांचं म्हणणं की साहेब कधीही येईल, कप रिकामा दिसता कामा नये. साडेदहाला तो गार चहा मोरीत. दोन महिने हे चाललं मामू. बाहेर डोक्यावरून विमानं, खिडक्यांना चिकटपट्टीच्या फुल्या, वर्गावर्गातून अर्धे बाक मोकळे, आणि आत आम्ही अकरा मास्तर एका मोकळ्या खुर्चीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत बसलेले. कोणी मोठ्याने हसलं की बाकीचे चटकन खुर्चीकडे बघायचे. एकदा वाऱ्याने ती आपोआप अर्धा फेरा फिरली तर आमचे भूगोलाचे मास्तर उठून उभे राहिले.

गोऱ्या माणसाविषयी आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा जी विद्या गोळा झाली ती एखाद्या विद्यापीठात नसेल. गोरा वेळेवर येतो. गोरा खोटं बोलत नाही. गोऱ्याने मुलाला नापास केलं तर बापाला वाईट वाटत नाही, आपण केलं तर वाटतं. मलबारचा जमालुद्दीन तेवढा काही बोलत नसे. हा आमच्यातला सगळ्यात चांगलं इंग्रजी बोलणारा, पण वर्णाने काळा, म्हणून त्याच्याकडे लायब्ररी दिलेली. तो पुस्तकांवरची धूळ झटकत म्हणायचा, ‘‘कादिरभाई, या खुर्चीत कोणी नाही तेच बरं आहे, बसला तर बिचाऱ्याला एवढं सगळं व्हावं लागेल.’’

ऑक्टोबरात बापमंडळींनी सभा बोलावली. गॅरेट दाखवा, नाहीतर मुलं काढून घेतो. सभेच्या आदल्या दिवशी सुफियानसाहेबांनी मला खोलीत बोलावलं, खिडकीपाशी उभं केलं, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आणि बराच वेळ माझ्या डोळ्यांत पाहत राहिले. मग सरबत मागवलं. मामू, तुमच्या घराण्याचे घारे डोळे! ज्यांच्या जोरावर तुम्ही माझ्यासाठी पाच मुली नाकारल्यात, ते असे उपयोगी पडले. दहा मिनिटांचं काम आहे, सुफियानसाहेब म्हणाले. टाय लावायचा, मान हलवायची, तोंड उघडायचं नाही, घसा बसला आहे म्हणून सांगू. बोलायचं काम जमालुद्दीन ऑफिसातल्या माइकवरून करील. म्हणजे कातडं माझं आणि जीभ त्याची, मिळून एक साहेब.

आणि तो साहेब उभा राहिला, मामू. भिंतीवरच्या स्पीकरमधून जमालुद्दीनचं इंग्रजी पाझरत होतं, मी खाली मान हलवत होतो आणि बाप माना डोलवत होते. उमैर नावाच्या मुलाला मी दोन वर्षं गणित शिकवलं आहे, त्याच्या बापाने तीनदा माझ्या घरचा चहा घेतला आहे. त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला, साहेब आले आता काळजी नाही म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला की, इथे एक कादिर म्हणून गणिताचे मास्तर आहेत त्यांच्याकडे जरा लक्ष द्या, फार सुमार शिकवतात. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

दहा मिनिटांचं ते सोंग संपलंच नाही. एका माणसाने दोन नावांनी हजेरी कशी लावायची, म्हणून कादिरच्या रकान्यात ‘रजेवरून परत आलेला नाही’ असा शेरा पडला, आणि आठवी ब चं गणित मोकळं राहिलं. मी त्या चामड्याच्या खुर्चीत बसू लागलो, आणि दहावीच्या वर्गात जमालुद्दीनचा आवाज स्पीकरमधून शिकवी तेव्हा मान हलवू लागलो. खोटं कशाला सांगू, मला आवडलं. बशीसकट कप, त्यात गरम चहा. नवा गेटवाला (जुना यमनी होता, त्याला त्याच्या सगळ्या देशबांधवांबरोबर जावं लागलं) मला पाहून उभा राहायचा. पहिल्या आठवड्यात सहकारी डोळे मिचकावून ‘साहेब’ म्हणत. दुसऱ्या आठवड्यात डोळे मिचकावणं थांबलं. पुढे एकदा मी माझ्या जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला गेलो, तर भूगोलाचे मास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘‘तिथे नको साहेब, ती बिचाऱ्या कादिरची.’’ बिचाऱ्या! मी हसलो. ते हसले नाहीत. नाव जवळजवळ दुआ मागावी तशा सुरात घेतलं होतं त्यांनी. मुलं माझ्यासमोर माझ्या आठवणी काढायची, आणि मामू, लाजून सांगतो, त्यांत चांगली एकही नव्हती. त्या दिवसापासून दाढी करताना आरशात जास्त वेळ बघायची सवय लागली. कोणाला बघतो आहे ते मात्र नीटसं सांगता येत नसे.

आता पाच डिसेंबरची सकाळ. शाळेचा स्पीकर बिघडला होता म्हणून सुफियानसाहेबांनी दुरुस्तीला माणूस बोलावला होता. आम्ही सगळे चहा घेत बसलो होतो, जमालुद्दीन माझ्या शेजारी, माइक बंद म्हणून त्याला त्या दिवशी सुटी. भिंतीवरचा स्पीकर खरखरला आणि त्यातून एक जाड, संथ, अनोळखी आवाज आला. ‘‘गुड मॉर्निंग. माझं नाव गॅरेट.’’ मी तुम्हाला सांगतो, खोलीतल्या दहा माणसांनी एकदम माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझं तोंड बंद होतं. मी जमालुद्दीनकडे पाहिलं, त्याच्या तोंडात खजूर होता. ‘‘मी इंग्रजी शिकवायला आलो आहे,’’ स्पीकर म्हणाला, ‘‘आणि हा माइक बरोबर चालतो आहे, असं मला वाटतं.’’

आम्ही ऑफिसकडे धावलो. माइकपाशी सहा फुटांचा, काळा कुळकुळीत, पांढरा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता आणि सुफियानसाहेब त्याच्या हातात पेचकस देत होते. व्हिसा अडकला म्हणून तीन महिने उशिरा पोचलेला हा गॅरेट. जन्म ब्रिस्टलचा, बाप तिथल्या बसवर ड्रायव्हर, आजोबा वेस्ट इंडीजचे. गेटवाल्याने त्याला सुदानी समजून मागच्या दाराने घेतलं होतं. त्याने काढून दिलेलं नेमणुकीचं पत्र सुफियानसाहेबांनी दोनदा वाचलं, आणि मग कौतुकाने म्हणाले, ‘‘तुमचं इंग्रजी फारच छान आहे. कुठे शिकलात?’’

पुढचं लिहायला मला जड जातं आहे. सुफियानसाहेबांनी त्याला सरबत दिलं, मला बाजूला घेतलं नाही, त्याच्यासमोरच विचारलं. म्हणाले, हे गृहस्थ म्हणतात की हे मिस्टर गॅरेट आहेत, तर मग आपण कोण? मामू, ‘मी कादिर’ एवढे दोनच शब्द. जमालुद्दीन माझ्याकडे बघत होता. स्टाफरूममध्ये माझा चहा गार होत होता, आणि खरं सांगू? माझ्या मनात त्या चहाचा विचार आला. मी मान हलवली. सवयच झाली होती. कशाला हलवली, हो की नाही, ते मलाही कळलं नाही, पण सुफियानसाहेबांना जे हवं ते कळलं. सिद्ध झालेला साहेब टाकून कागदावरचा कोण घेणार? बापांना काय सांगायचं? म्हणून तूर्त चार दिवस त्याने आठवी ब चं गणित घ्यावं असं ठरलं, जागा मोकळी होतीच. हजेरीबुकात त्या जागेवर नाव होतं कादिर. तेच त्याला दिलं. ‘रजेवरून परत आलेला नाही’ हा शेरा लाल शाईने खोडला.

तेव्हापासून तो माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतो आणि काचेच्या ग्लासात चहा पितो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! त्याने आपल्या वकिलातीला फोन केला. वकिलातीने शाळेला फोन केला. शाळेने सांगितलं, मिस्टर गॅरेट सुखरूप आहेत, समोरच बसले आहेत. तो चिडत कसा नाही याचंच मला नवल वाटतं. दुपारी मुलं गेली की आम्ही दोघं प्रयोगशाळेत बसतो. एकदा मी माफी मागितली. तो म्हणाला, लंडनला एका शाळेत मुलाखतीला गेलो होतो, तिथेही मला बॉयलरवाला समजून तळघरात नेलं होतं, तिथला बॉयलर मी दुरुस्त केला. मग तो थोडा हसला आणि म्हणाला, ‘‘पण कादिर, तिथे माझ्या जागी बसलेला माणूस माझ्याशी रोज चहा प्यायला येत नव्हता. त्यामुळे तिथे सोपं गेलं.’’

गेल्या मंगळवारी भर दुपारी विषारी वायूची तालीम झाली. हवेत पिवळी धूळ, सूर्य ताकासारखा फिकट. शाळेत मुखवटे सात आलेले, पैकी पहिला गॅरेटच्या नावाचा, म्हणजे माझा. कादिरच्या नावाचा नव्हता. भोंगा झाला तसा मी मुखवटा चढवून ओस पडलेल्या व्हरांड्यात निघालो. आत फक्त माझाच श्वास ऐकू येत होता, कोणी दुसरंच घेत असल्यासारखा. आठवी ब च्या खिडकीतून पाहिलं तर तो मधोमध उभा होता, तोंडाला ओला टॉवेल बांधून, आणि भोवती चौदा पोरं ओल्या टॉवेलांनी तोंड झाकून भिंतीला टेकलेली. कोणाचाच रंग दिसत नव्हता. नुसते डोळे. तो काचेजवळ आला आणि माझ्या मुखवट्याच्या काचांत निरखून म्हणाला, ‘‘आत कोण आहे?’’ मी माझं नाव सांगितलं. खरंच सांगितलं मामू, ओरडून सांगितलं. पण मुखवट्यातून माणसाचा आवाज बाहेर येत नाही, नुसतं भुर्रभुर्र होतं. मुलं मागे सरकली.

त्यानंतर मी सुफियानसाहेबांकडे जाऊन माझा पासपोर्ट मागितला. पासपोर्ट असतात मंदूबकडे, म्हणजे मालकाची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाकडे. त्याने पाकीट उघडून फोटो पाहिला. तुम्हाला आठवत असेल, महाडच्या स्टुडिओत काढलेला. त्या फोटोग्राफरने तो असा काही धुतला होता की, मी चुलीतून ओढून काढल्यासारखा दिसतो. मंदूबने फोटो पाहिला, मला पाहिलं, नकारार्थी चकचक केलं, आणि गॅरेटकडे बोट दाखवून म्हणाला, कादिर हा. खलास.

तर असा एकंदर आनंद आहे. बाकी हवा थंड आहे, खजूर उत्तम आहेत, काळजी नसावी. मामीला सलाम, लहानथोरांना दुआ.

तुमचा भाचा
कादिर (हे नाव मुद्दाम ठळक काढलं आहे)

ता. क. — जमालुद्दीनच्या ओळखीचे एक गृहस्थ शुक्रवारी मुंबईला निघाले आहेत, ते हे पत्र हातोहात पोचवतील. त्यांना रिकामे परत पाठवू नका. तुम्ही गावचे पोलीस पाटील आहात. मी बाणकोटचा कादिर आहे असा एक दाखला, सोबतचा माझा आताचा फोटो चिकटवून, तुमच्या सही-शिक्क्याने हवा, ते मुंबईहून फॅक्स करतील. मंदूब दाखल्यात फक्त एकच रकाना बघणार आहे, तो पासपोर्टातल्या काळ्या फोटोशी जुळतो की नाही. तेव्हा मामू, नाव, गाव, बापाचं नाव लिहून झाल्यावर, ‘वर्ण’ या शब्दापुढे तुमच्या हाताने लिहा : काळा. ‘गव्हाळ’ नको, ‘निमगोरा’ नको. मला माहीत आहे, तेरा पिढ्या आणि ते नळकांडं तुमच्याकडे बघत असतील. डोळे मिटून लिहा.

ता. क. (१० जानेवारी) — पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. परवा हलिमाच्या भावाची तार आली. कादिरच्या नावाची, म्हणून फर्राशने ती आठवी ब मध्ये गॅरेटला नेऊन दिली. त्याने ती उघडली. मुलगी झाली आहे, दोघी सुखरूप. मुलांनी बाक वाजवले, फर्राशने खजूर वाटले, भूगोलाच्या मास्तरांनी त्याला मिठी मारली. मी खुर्चीत बसून खिडकीतून हे सगळं बघत होतो आणि कोणाचं तरी काहीतरी चांगलं झालेलं दिसतं, असं वाटत होतं. मग तो तार हातात धरून सरळ माझ्याकडे आला, सगळ्यांसमोर माझ्यापुढे वाकला, आणि म्हणाला, ‘‘ही तुझी आहे. मी एवढं तुझ्या जागी घेऊ शकत नाही.’’

मामू, मी ऑफिसात गेलो आणि माइक हातात घेऊन सगळ्या शाळेला सांगितलं की मी कादिर, बाणकोटचा, मला मुलगी झाली आहे. रडत सांगितलं. संध्याकाळपर्यंत उमैरच्या बापाचा फोन आला की, लढाईच्या धास्तीने गॅरेटसाहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, त्यांना विश्रांती द्या. सुफियानसाहेबांनी सरबत आणि दोन दिवसांची रजा दिली, रजा मी घेतली नाही. म्हणून दाखला हवाच. मी आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो, तो माझ्या शेजारी बसतो. मधली खुर्ची पुन्हा मोकळी आहे. काल दहा वाजता फर्राशने तिच्यासमोरच्या कपात चहा ओतला.

ता. क. — तारेत आणखी एक ओळ होती : तुमच्याकडचं अजून कोणी आलं नाही. हलिमाला बघायला गेला होतात तेव्हा तुम्ही नेहमीप्रमाणे खिडकीकडे पाठ करून बसला होतात, सगळा उजेड तिच्या तोंडावर पडावा म्हणून, आणि घरी येऊन म्हणालात की, या सुनेसाठी दिवसाही दिवा लावावा लागेल. ती ते विसरलेली नाही. मीही त्या दिवशी मान हलवली होती. दाखला नाही दिलात तरी चालेल मामू, मी कसाही येईन. पण म्हसळ्याला जा. आणि या खेपेला खिडकीकडे तोंड करून बसा. उजेड तुमच्या तोंडावर पडू दे, पोरीला तुम्हाला बघू दे.